चांदबिबीच्या माहेरी

जेसल पार्कच्या खाडीकाठून दिवाळीच्या सुट्टीत कोठे जावे असा प्रश्न पडला, तर अहमदनगर गाठा. 2024 पासून त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. तेथे गेल्यावर प्रथम किल्ला न पाहता फराहबाग पाहा.

कोरड्या पडलेल्या तलावाच्या मधोमध अष्टकोनी दुमजली महाल उभा दिसेल. निजामशाहीतील मुर्तझाच्या कारकिर्दीत, 1583 साली तो पुरा झाला. उंच कमानींचे वळण इराणी, दगड-चुना मात्र आपल्या दख्खनचा. आज पडझड बरीच झाली आहे. तरी मधल्या दालनात उभे राहिलात, तर भर दुपारीही गारवा जाणवेल.

या मुर्तझाची बहीण चांदबिबी. जन्म 1550 च्या सुमाराचा. वडील हुसेन निजामशहा, आई खुंझा हुमायून. नवऱ्यामागे मुलाच्या वतीने राज्य चालविणारी आई तिने पाहिली होती. अरबी, फारसी, तुर्की, मराठी आणि कानडी अशा पाच भाषा तिला येत. चित्रे काढी, सतार वाजवी. महालाच्या बांधणीत जो मिलाफ दिसतो, तोच तिच्या शिक्षणात होता. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचा निकाह झाला, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून दिला गेला.

1580 साली अलीचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम. चांदबिबी त्याच्या वतीने कारभार पाहू लागली, तोच किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. सुटून आली आणि पुन्हा कामाला लागली. तिच्या हाताखाली वाढलेला तो मुलगा पुढे संगीताचा मोठा जाणकार सुलतान म्हणून नावाजला.

1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरला वेढा घातला. आत सरदारांचे तट पडलेले, वारस म्हणून भावाचा नातू बहादूर, अगदी अजाण. सुरुंगाने तटाला भगदाड पडले. लोक पळू लागले, तेव्हा ही बुरखा घेऊन, हाती तलवार धरून भगदाडात उभी राहिली. रातोरात भिंत पुन्हा बांधून काढली. गोळे संपल्यावर तिने तोफांत सोने-चांदी घातल्याचे सांगतात. ती आख्यायिकाच समजावी. अखेर 1596 साली वऱ्हाड देऊन तह झाला.

1600 साली शाहजादा दानियाल चालून आला. या खेपेस किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिने तहाची बोलणी काढली. ती शत्रूला फितूर झाली अशी आवई हमीदखानाने उठविली आणि बिथरलेल्या तिच्याच शिपायांनी तिला ठार केले. पुढे थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

मौलाना आझाद 1942 पासून याच किल्ल्यात कैदेत होते. त्यांचे ‘गुबार-ए-खातिर’ तेथलेच. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, प्रवेशाची चौकशी आधी करावी. शहराबाहेरच्या डोंगरावर एक तीन मजली इमारत आहे. लोक तिला चांदबिबी महाल म्हणतात. वस्तुतः ती सलाबतखानाची कबर आहे. गाईडही चुकवतात.

एक सांगायचे राहिले. आमच्या वर्गाची सहल ठरली, की शेवटच्या आठवड्यात यादीतून नावे गळतात ती मुलींचीच. या वर्षी नगरची सहल ठरली, तर यादी पुरी राहू द्या.