ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन : अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हाती कॅमेरा घेणारी हौशी छायाचित्रकार



मागच्या वर्षी वर्गात 'माझ्या घरातील माणूस' हा उपक्रम घेतला होता. मुलांनी घरच्या मोबाईलवर एक फोटो काढायचा आणि त्यावर पाच ओळी लिहायच्या. एका मुलीने आजीचा फोटो आणला. आजी चुलीपाशी बसलेली, चेहऱ्याची एकच बाजू उजेडात, बाकी सगळं धूसर. मी सवयीने सांगून टाकलं की फोकस गेलाय, दुसरा काढून आण. तिने दुसऱ्या दिवशी आणला. स्वच्छ फोटो. आजी भिंतीला टेकून ताठ उभी, मागच्या कॅलेंडरवरच्या तारखाही वाचता येत होत्या. पण फोटोत आजी काही दिसेना. पहिला फोटो मुलीने तोवर पुसून टाकला होता.

ती चूक मनाला लागून राहिली. म्हणूनच आज अशा एका बाईंची ओळख करून द्यायची आहे, ज्यांना दीडशे वर्षांपूर्वी जाणकारांनी हेच सांगितलं होतं आणि ज्यांनी ते ऐकलं नाही. त्यांचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. आडनाव वाचून मुलं हसतील, पण ते त्यांच्या पतीचं आडनाव आहे, कॅमेऱ्याशी त्याचा काही संबंध नाही!

जन्म आणि भारताशी नाते

ज्युलिया यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यात झाला. वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, तर आई फ्रेंच घराण्यातली. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलींना शिक्षणासाठी युरोपात पाठवले गेले. ज्युलिया यांचे बरेचसे बालपण फ्रान्समध्ये आजीजवळ गेले.

१८३६ मध्ये त्या हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेतील केप येथे गेल्या होत्या. तिथे त्यांना दोन माणसे भेटली. एक चार्ल्स हे कॅमेरॉन, कायद्याचे पंडित. १८३८ मध्ये कलकत्त्यात दोघांचा विवाह झाला. चार्ल्स त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. दुसरे सर जॉन हर्शेल. हे त्या वेळी केपहून दक्षिण गोलार्धातील आकाशाचे निरीक्षण करत होते. काचेवर किंवा कागदावर उमटलेली प्रतिमा पक्की करण्यासाठी जे रसायन पुढे 'हायपो' म्हणून ओळखले गेले, त्याचा गुणधर्म शोधणारे हेच हर्शेल. छायाचित्रणातले निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही त्यांनीच रूढ केले. १८४२ मध्ये त्यांनी छायाचित्रणाचे काही सुरुवातीचे नमुने ज्युलिया यांना कलकत्त्याला पाठवले. ही कला नुकतीच जन्मली होती आणि भारतात बसलेल्या एका बाईला ती टपालाने भेटली. ही मैत्री जन्मभर टिकली.

१८४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेले. १८६० मध्ये त्यांनी आइल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटर गावी घर घेतले. सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, आपल्या कॉफीच्या मळ्याच्या नावावरून घराला 'डिम्बोला' असे नाव दिले. शेजारी कवी टेनिसन राहत. स्वतःची आणि सांभाळलेली अशी मुले, पाहुणे, नोकरचाकर यांनी घर कायम भरलेले असे.

भेट मिळालेला कॅमेरा

१८६३ च्या डिसेंबरात पती सिलोनला मळ्याच्या कामासाठी गेलेले. मुलगेही दूर. आईला एकटेपणा वाटू नये म्हणून मुलगी आणि जावयाने एक कॅमेरा भेट दिला. ज्युलियाबाईंचे वय तेव्हा ४८ होते. त्या वयात बायकांनी नातवंडे सांभाळावीत अशीच समाजाची अपेक्षा.

याआधी त्यांना फोटोंचा शौक नव्हता असे नाही. इतरांनी काढलेले फोटो जमवून, त्यांचे अल्बम करून बहिणींना आणि स्नेह्यांना भेट देणे चालूच होते. पण स्वतः काढायचा म्हणजे वेगळीच गोष्ट! शिकवायला कोणी नव्हते. काचेची पेटी कुठे ठेवायची, माणसाला कुठे बसवायचे, फोकस कसा करायचा, काहीच माहीत नाही. गावातल्या एका शेतकऱ्याला तासावर पैसे देऊन बसवले. आणि त्याच्या पहिल्याच काचेवर ओल्या बाजूने हात फिरून चित्र पुसले गेले.

त्यांनी कोळशाच्या खोलीत अंधारी खोली केली. कोंबड्यांचे खुराडे होते, त्याचे काचेचे घर, म्हणजे स्टुडिओ झाला. कोंबड्या मोकळ्या झाल्या आणि त्यांच्या जागी कवी, शास्त्रज्ञ, मोलकरणी आणि लहान मुले येऊन बसू लागली.

आजच्या मुलांना हे काम किती कष्टाचे होते ते मुद्दाम सांगा. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा ओतायचा, मग ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायचा. समोरच्या माणसाने काही मिनिटे न हलता बसायचे. हात काळे पडत. ते डाग काढायला पोटॅशियम सायनाइड वापरत! हे कळल्यावर हर्शेल यांनी त्या जहाल विषाबद्दल त्यांना पत्रातून सावध केले होते.

जानेवारी १८६४ मध्ये ॲनी फिलपॉट या लहान मुलीचा फोटो जमला. ज्युलियाबाईंनी तो आपले पहिले यश मानला. आनंद एवढा, की त्याच दिवशी फोटो छापून, चौकटीत बसवून मुलीच्या वडिलांना देऊनही टाकला. फोटो काढला की तो कुणाला तरी दाखवल्याशिवाय चैन न पडणे, हे आपल्यालाही ओळखीचं आहे ना?

लेन्स आणि फोकसचा वाद

आता मुख्य मुद्दा. त्यांच्या पहिल्या कॅमेऱ्याला पॅरिसच्या जामाँ यांनी बनवलेली लेन्स होती. ती पेट्झवाल पद्धतीची, खास माणसांचे फोटो काढण्यासाठीची. काचा साधारण ११ बाय ९ इंचांच्या. अशा लेन्सचे तोंड मोठे असते, त्यामुळे उजेड भरपूर आत येतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. नेमक्या एका अंतरावरची वस्तू स्पष्ट येते, तिच्या पुढचे आणि मागचे विरघळून जाते. शिवाय मधला भाग स्पष्ट आणि कडा मऊ असाही या लेन्सचा स्वभाव. डोळे स्पष्ट आले तर कान धूसर.

इतर छायाचित्रकार यावर उपाय करत. लेन्सचे तोंड लहान करत, माणसाला दूर बसवत, आणि चित्र काटेकोर स्पष्ट होईपर्यंत लेन्स फिरवत. ज्युलियाबाई फोकस करता करता जिथे चेहरा सुंदर दिसे, तिथेच थांबत. सुरुवातीला हे योगायोगाने घडले, हे त्यांनी पुढे आपल्या अपुऱ्या राहिलेल्या आठवणींत मोकळेपणाने लिहिले आहे. पण नंतर तीच त्यांची निवड झाली.

१८६४ च्या उन्हाळ्यात फ्रेशवॉटरला एक गमतीदार भेट झाली. ऑक्सफर्डचे गणिताचे शिक्षक चार्ल्स डॉजसन तिथे आले होते. हेच लुईस कॅरोल, 'ॲलिस'चे लेखक. तेही हौशी छायाचित्रकार, आणि त्यांची चित्रे अगदी नीटनेटकी, स्वच्छ. दोघांनी आपापले फोटो एकमेकांना दाखवले. डॉजसन यांना बाईंची काही चित्रे आवडली, काही मुळीच नाही. बाईंना वाटले, यांच्या फोटोतली माणसे आपल्याला मिळाली तर आपण त्यांना धूसर टिपू. डॉजसन यांना वाटले, यांच्याकडची माणसे मिळाली तर आपण त्यांना स्पष्ट टिपू! दोन हौशी माणसे, दोन टोकांची मते. आजही फोटोवेडे एकत्र जमले की लेन्सवरून अशीच जुंपते.

त्याच वर्षी त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या आणि प्रदर्शनात चित्रे ठेवू लागल्या. सोसायटीच्या नियतकालिकातून कडक टीका झाली. धूसरपणा, काचेवरचे डाग, बोटांचे ठसे, सगळ्यावर बोट ठेवले गेले. दुसरीकडे, चित्रकार वॉट्स यांच्यासारखे लोक भारावून गेले. १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांची चित्रे विकत घेतली, १८६६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले.

टीकेला उत्तर म्हणून त्यांनी स्पष्ट फोटो देणारी साधी वाट धरली का? नाही. १८६६ मध्ये त्यांनी मोठा कॅमेरा आणि लंडनच्या डालमेयर यांची ३० इंच फोकल लांबीची लेन्स घेतली. काच आता १५ बाय १२ इंचांची. लेन्स अधिक चांगली झाली, पण बाई माणसाच्या आणखी जवळ गेल्या. चेहरा जवळजवळ खऱ्याएवढा मोठा येऊ लागला. जवळ गेले की स्पष्टतेची पट्टी आणखी अरुंद होते, हे भौतिकशास्त्र आहे. म्हणजे नवी लेन्स घेऊनही त्यांनी आपले जुने म्हणणेच अधिक ठामपणे मांडले.

१८६७ मध्ये हे सगळे जड सामान घेऊन त्या हर्शेल यांच्या घरी गेल्या. काळोखातून उजळून येणारा तो म्हातारा चेहरा, पांढरे विस्कटलेले केस, आकाश पाहून थकलेले डोळे. तीस वर्षांच्या गुरुमित्राला दिलेली ही गुरुदक्षिणाच म्हणायची. १८६८ मध्ये चार्ल्स डार्विन सहकुटुंब फ्रेशवॉटरला राहायला आले, तेव्हा त्यांचाही फोटो घेतला. स्वतःच्या सगळ्या फोटोंत डार्विन यांना तो विशेष आवडला होता.

टीका ऐकली, पण निवडून

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. ज्युलियाबाई कोणाचेच ऐकत नव्हत्या, असा याचा अर्थ मुलांनी घेऊ नये. त्यांच्या काही निगेटिव्हना बारीक भेगा पडू लागल्या, तेव्हा १८६९ मध्ये त्यांनी त्या सोसायटीतील जाणकारांपुढे मांडल्या आणि कारण विचारले. ज्यांनी आपल्यावर टीका केली, त्यांच्याकडेच मदत मागायला त्यांना कमीपणा वाटला नाही. भेग ही चूक होती, ती त्यांना नको होती. धूसर कडा ही निवड होती, ती त्यांनी सोडली नाही.

फोटोंनी जोडलेली माणसे

त्यांनी चित्रे विकलीही, कारण मळ्याचे उत्पन्न घटत होते. पण वाटली त्याहून जास्त. हर्शेल, वॉट्स अशा स्नेह्यांना चित्रांचे अल्बम दिले. सिलोनहून परतलेला मुलगा ब्रॉकनहर्स्ट या रेल्वे स्थानकावर भेटला, त्या आनंदात तिथल्या प्रतीक्षालयाला चित्रे भेट दिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांनी ती पाहावीत म्हणून!

त्यांच्या चित्रांतली मेरी रायन ही भीक मागणाऱ्या एका आयरिश बाईची मुलगी. ज्युलियाबाईंनी तिला घरी आणले, शिकवले. या चित्रांमुळे ती हेन्री कॉटन या तरुणाच्या मनात भरली आणि १८६७ मध्ये दोघांचे लग्न झाले. हे कॉटन पुढे भारतात सनदी अधिकारी झाले, आणि १९०४ मध्ये मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षही तेच! कुठले खुराडे आणि कुठली मुंबई, पण धागा असा जुळतो.

१८७५ मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला राहायला गेले. तिथे त्यांनी मळ्यातील कामगारांचे आणि गावकऱ्यांचे फोटो काढले, पण थोडेच. २६ जानेवारी १८७९ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले. कॅमेरा हाती आल्याला तेव्हा पंधरा वर्षेच झाली होती.

वर्गात काय करता येईल?

दहावीच्या विज्ञानात भिंगांचा धडा आहे. तो शिकवताना, किंवा खालच्या वर्गांतही, हा प्रयोग करून पाहा.

१. खोलीतला दिवा बंद करा. उघड्या खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा आणि बहिर्वक्र भिंग कागदाजवळ धरून पुढे-मागे करा. बाहेरच्या झाडाचे उलटे चित्र कागदावर उमटेल.

२. झाड स्पष्ट असताना खिडकीचे गज कसे दिसतात ते पाहायला सांगा. आता गज स्पष्ट करा. झाडाचे काय झाले?

३. पुठ्ठ्याला लहान भोक पाडून तो भिंगासमोर धरा. चित्र अंधुक होईल, पण झाड आणि गज दोन्ही अधिक स्पष्ट होतील.

कॅमेऱ्यातला सगळा वाद या तीन पायऱ्यांत आहे. मग मुलांना विचारा की तुम्हाला झाड हवं की गज, आणि का?

पालकांनाही एक विनंती. मुलाने काढलेला फोटो, चित्र किंवा लिहिलेला निबंध हातात आला, की लगेच लाल पेन उचलू नका. आधी एवढंच विचारा की हे असं झालंय की तू असं केलंयस? 'झालंय' म्हणाला तर दुरुस्त करायला शिकवा. 'केलंय' म्हणाला तर शेजारी बसून नीट पाहा.

मी त्या मुलीला हा प्रश्न विचारला नव्हता. यंदा उपक्रम पुन्हा घेणार आहे, आणि या वेळी एकही फोटो पुसायचा नाही, असं मुलांना आधीच सांगून ठेवलं आहे.