पॅप तपासणीचे जनक : डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ

गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी स्त्रियांची ‘पॅप’ तपासणी केली जाते. हे नाव एका डॉक्टरांच्या आडनावावरून पडले आहे.

डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ यांचा जन्म १८८३ मध्ये ग्रीसमधील किमी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. मुलाने अथेन्समध्ये वैद्यकीय पदवी घेतली. पण त्याला दवाखान्यापेक्षा संशोधनाची ओढ होती. १९१३ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह न्यूयॉर्कला गेले. ओळखीपाळखी नाहीत, इंग्रजीही धड नाही. पोटासाठी त्यांनी एका मोठ्या दुकानात गालिचे विकले, तर मेरी यांनी तिथेच बटणे शिवली. पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना काम मिळाले.

तिथे ते गिनीपिग या प्राण्यावर संशोधन करत होते. मादीचे बीज नेमके केव्हा बाहेर पडते, हे प्राणी न मारता कळायला हवे होते. योनीमार्गातील स्राव काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पेशी दिवसागणिक बदलताना दिसल्या. हे संशोधन १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्त्रियांमध्येही असे बदल दिसतात का, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी मेरी यांनी कित्येक वर्षे स्वतःचे नमुने दिले. प्रयोगशाळेतही त्या पतीबरोबर काम करत. तपासणीला पतीचे नाव मिळाले, पण तिच्या पायाशी मेरी यांचे कष्ट आहेत.

रुग्ण स्त्रियांचे नमुने पाहताना डॉक्टरांना काही काचपट्ट्यांवर कर्करोगाच्या पेशी दिसल्या. १९२८ मध्ये त्यांनी हे एका परिषदेत मांडले, पण तज्ज्ञांना ते पटले नाही. गाठीचा तुकडा काढून तपासता येतो, मग सुट्या पेशी कशाला पाहायच्या, असा त्यांचा विचार होता. पण तुकडा काढला जातो तो काहीतरी दिसल्यावर. पेशी त्याच्या आधीच सूचना देतात.

दहा-बारा वर्षांनी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्या साथीने त्यांनी पुन्हा काम हाती घेतले. स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा नमुना घेतला गेला. कोणतीही तक्रार नसलेल्या काही स्त्रियांमध्येही कर्करोग सापडला. १९४१ मध्ये त्यांचा शोधनिबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक आले. ज्या देशांत ही तपासणी ठरावीक काळाने आणि सर्व स्तरांतील स्त्रियांपर्यंत पोहोचली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू खूप घटले. डॉ. पापानिकोलाउ १९६२ मध्ये निवर्तले.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

हा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गातून होतो. पेशी बिघडण्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे अनेक वर्षे जातात. तेवढा वेळ आपल्या हातात असतो. पण आपल्याकडे अनेक स्त्रिया रक्तस्राव सुरू झाल्यावरच डॉक्टरांकडे येतात. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या होतात, तिची राहून जाते.

- तिशीनंतर, कोणताही त्रास नसला तरी तपासणी करून घ्या. पॅप तपासणी साधारण दर तीन वर्षांनी करतात. तिला काही मिनिटेच लागतात.
- सरकारी आरोग्य कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी सौम्य आम्ल लावून करायची सोपी तपासणी आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा.
- एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी हवीच.
- संबंधांनंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त जात असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

अहवालात दोष निघाला म्हणजे कर्करोगच झाला असे नाही. बहुतेकदा तो पुढील तपासणीचा इशारा असतो, आणि या टप्प्यावर उपचार सोपे असतात. घरच्यांनी मात्र एक करावे : आई, बायको, बहीण यांची शेवटची तपासणी कधी झाली, हे आजच विचारावे.