चावी डावीकडे की उजवीकडे?

घड्याळं जमवणाऱ्या मंडळींमध्ये गेली काही वर्षं एक भांडण चालू आहे आणि ते मिटायची चिन्हं दिसत नाहीत. निळ्या डायलचं, चौकोनी ‘मोनॅको’ टॅग ह्युअर कंपनी पुन्हा पुन्हा नव्याने काढते. प्रश्न एवढाच, की यातलं खरं मोनॅको कुठलं?

१९६९ च्या मूळ मोनॅकोत ‘कॅलिबर ११’ नावाचं मशीन होतं. ह्युअर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युबुआ देप्राझ यांनी मिळून बनवलेलं. स्टॉपवॉच असूनही हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी जी पहिली मोजकी मशीन त्या वर्षी आली, त्यातलं हे एक. ब्यूरेनच्या पातळ मशीनवर स्टॉपवॉचचा वेगळा थर चढवलेला. या मांडणीमुळे चावी डाव्या बाजूला गेली आणि बटणं उजवीकडे राहिली. कंपनीने त्याचीच जाहिरात केली, की रोज चावी द्यावी लागत नाही, मग ती हाताशी हवी कशाला?

२०१५ मध्ये आलेल्या मोनॅकोत चावी पुन्हा डावीकडे आहे, मशीनचं नावही कॅलिबर ११ आहे, पण आत सेलिटाचं मशीन आणि वर द्युबुआ देप्राझचा थर. २०१९ मध्ये कंपनीने स्वतःचं ‘ह्युअर ०२’ बसवायला सुरुवात केली. ते ८० तास चालतं, स्टॉपवॉच वरून चढवलेलं नाही, अंगचंच आहे. फक्त चावी उजवीकडे गेली. झालं, दोन तट पडले. एक म्हणतो चावी डावीकडे नसेल तर ते मोनॅकोच नाही. दुसरा म्हणतो, विकतचं मशीन घालून चावी मुद्दाम डावीकडे काढायची, हे नाटक कशाला? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा वाद ओळखीचा आहे. स्क्रीन तीच ठेवून मागचा सगळा कोड बदलला, तर त्याला जुनंच ॲप म्हणायचं का?

गंमत म्हणजे दोन्ही तट शेवटी एकाच माणसाचं नाव घेतात, स्टीव्ह मॅक्विन. मोनॅको म्हणजे मॅक्विनचं घड्याळ. माझ्या मते मात्र त्याच्या आयुष्यातलं मोठं घड्याळ वेगळंच होतं.

मॅक्विनचा जन्म २४ मार्च १९३० चा, अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बीच ग्रोव्ह गावी. वडील विमानाच्या कसरती करणारे वैमानिक. मुलगा तान्हा असतानाच ते घर सोडून गेले. आईला पोर सांभाळणं जमेना. मग मिसुरीतल्या स्लेटर गावी आईच्या काकांकडे, क्लॉडकडे, तो वाढला. डुकरं, मका, शेतातली कामं. चौथ्या वाढदिवसाला क्लॉडने लाल तीनचाकी सायकल दिली, आणि शर्यतीचं वेड तिथूनच लागलं असं तो पुढे सांगायचा. आठ वर्षांचा असताना आई नव्या नवऱ्याच्या घरी घेऊन जायला आली. निघताना क्लॉडने त्याच्या हातात सोन्याचं खिशातलं घड्याळ ठेवलं. झाकणाच्या आत, हा मला मुलासारखा होता, अशा अर्थाचं काही कोरलेलं. आपल्याकडेही शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडणाऱ्या पोराच्या मनगटावर घरच्यांनी एचएमटी बांधलेलं असायचं, त्यामुळे हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

पुढची वर्षं वाईट गेली. मारहाण करणारा सावत्र बाप, लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरची टोळी, चोऱ्यामाऱ्या. शेवटी चिनो इथल्या ‘बॉईज रिपब्लिक’ या सुधारशाळेत रवानगी झाली. आधी त्याने पळून जायचे प्रयत्न केले, मग हळूहळू तिथल्या मुलांच्या पंचायतीत निवडूनही आला. १९४७ मध्ये मरीन दलात भरती. तिथून सुटल्यावर सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षणाच्या पैशांवर न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकला, आणि शनिवार-रविवार मोटरसायकलच्या शर्यती जिंकून खर्च भागवला.

टीव्हीवरची ‘वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह’, मग ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’, ‘द ग्रेट एस्केप’, ‘बुलिट’. हे सगळ्यांना माहीतच आहे. (‘ग्रेट एस्केप’मधली तारेवरची ती प्रसिद्ध उडी मात्र त्याच्या मित्राने, बड एकिन्सने मारली.) पण शर्यती त्याच्यासाठी नुसता शौक नव्हता. मार्च १९७० मध्ये सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत डाव्या पायाला प्लास्टर असताना त्याने पोर्शे चालवली. जोडीदार पीटर रेव्हसनने जास्त वेळ गाडी हाकली हे खरं, पण दोघं दुसरे आले आणि मारियो आंद्रेत्तीची फेरारी अर्ध्या मिनिटाहूनही कमी फरकाने पुढे होती.

त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये ‘ल मान्स’चं चित्रीकरण सुरू झालं. खऱ्या शर्यतीत उतरायची त्याची इच्छा विमा कंपनीने हाणून पाडली. त्याला दिसायचं होतं स्विस रेसर जो सिफर्टसारखं. सिफर्टच्या पोशाखावर ह्युअरचं चिन्ह होतं, म्हणून मॅक्विनच्याही पोशाखावर ते आलं, आणि चिन्ह आलं म्हणून मनगटावर ह्युअर आलं. चित्रीकरणाला एकसारखी अनेक घड्याळं लागतात. मोनॅको तशी हाताशी होती. एवढीच ती कथा. एरवी तो रोलेक्स सबमरिनर घालायचा.

चित्रपटाने त्याची दमछाक केली. पटकथा ठरेना, दिग्दर्शक जॉन स्टर्जेस सोडून गेला, अपघातात डेव्हिड पायपरला पायाचा भाग गमवावा लागला, स्वतःचं लग्न मोडायला आलं. १९७१ मध्ये चित्रपट आला आणि पडला. सिफर्ट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर गेला. चित्रीकरण संपताना मॅक्विनने एक मोनॅको आपल्या मुख्य मेकॅनिकला दिलं. मागे मेकॅनिकचं नाव आधीच कोरून घेतलेलं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते २२ लाख डॉलरला गेलं.

‘पॅपिलॉन’ आणि ‘द टॉवरिंग इन्फर्नो’नंतर तो पडद्यापासून दूर होत गेला. १९७९ च्या अखेरीस मेसोथेलिओमाचं निदान झालं. हा अॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग. मरीनमध्ये असताना जहाजातल्या पाइपांवरचं अॅस्बेस्टॉस खरवडण्याचं काम त्याने केलं होतं, आणि त्या काळच्या रेसरच्या पोशाखातही ते असायचं. ७ नोव्हेंबर १९८० ला मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसमध्ये शस्त्रक्रियेनंतर तो गेला. वय ५०. मोठा नट झाल्यावरही तो चिनोच्या शाळेत जाऊन मुलांशी गप्पा मारत बसायचा. मृत्युपत्रात त्या शाळेसाठी पैसे ठेवले होते.

मोनॅको तेव्हा बंद पडलेलं होतं. ते पहिल्यांदा पुन्हा बाजारात आलं १९९८ मध्ये, मॅक्विनला जाऊन १८ वर्षं झाल्यावर.