संत मार्टिन : लढायला नकार देणारा सैनिक

रोमन सैन्याची शिस्त किती कडक होती हे मुलांना सांगायचं असेल तर एक उदाहरण पुरेसं आहे. पळ काढलेल्या तुकडीतून चिठ्ठ्या टाकून दहांतला एक सैनिक निवडत आणि त्याच्याच सोबत्यांकडून त्याला ठार मारवत. अशा सैन्यात लढायला नकार देणारा माणूस किती धाडसी असेल, याचा विचार करा.

संत मार्टिन यांचा जन्म चौथ्या शतकात, आजच्या हंगेरीतल्या सोम्बाटहे गावी झाला. वडील सैन्यात अधिकारी. सैनिकाच्या मुलाने सैनिकच व्हायचं, असा तेव्हा कायदा. त्यामुळे मनात नसतानाही मार्टिन सैन्यात भरती झाले. आमिएँ शहराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणारा एक भिकारी दिसला, तेव्हा त्यांनी तलवारीने आपला झगा कापून अर्धा त्याला दिला. ही गोष्ट युरोपात मुलांनाही ठाऊक असते.

पण खरी कसोटी पुढे होती. त्यांचे चरित्रकार सुल्पिशियस सेव्हेरस सांगतात, की लढाईच्या तोंडावर ज्युलियन सैनिकांना बक्षिसी वाटत होता. मार्टिननी ती घेतली नाही आणि सेवेतून मुक्त करण्याची विनंती केली. ज्युलियनने त्यांना भित्रा ठरवलं. त्यावर शस्त्राशिवाय शत्रूसमोर सर्वांत पुढे उभं राहायची तयारी त्यांनी दाखवली. त्यांना कोठडीत टाकलं. पण दुसऱ्याच दिवशी शत्रूने तह मागितला आणि मार्टिन सुटले. याच ज्युलियनने पुढे ३६३ च्या इराण मोहिमेत, पळालेल्यांपैकी दहा सैनिकांना जुन्या कायद्याप्रमाणे ठार केलं. म्हणजे धोका खराच होता.

३७१ च्या सुमारास ते फ्रान्समधल्या तूरचे बिशप झाले आणि ३९७ मध्ये वारले. ११ नोव्हेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

आता गंमत बघा. मध्ययुगात फ्रँक राजे त्यांचा तोच झगा पवित्र मानून रणांगणावर नेत! लढायला नकार देणारा माणूस सैनिकांचा रक्षक संत ठरला. झग्याला लॅटिनमध्ये 'कापा' म्हणत. इंग्रजीतला 'चॅपेल' हा शब्द त्यातूनच आला.

वर्गात हा धडा घेताना मुलांना एकच प्रश्न विचारा : नकार देणारा नेहमी भित्राच असतो का? उत्तर लगेच सांगू नका, त्यांना वाद घालू द्या.