छत्तिशीतली रुपेरी उडी

फेब्रुवारी १९४८. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे हिवाळी ऑलिम्पिक भरले होते. नॉर्वेच्या स्की जम्पिंग संघाबरोबर बिर्गर रूड आले होते, ते प्रशिक्षक म्हणून. वय ३६. ऑलिम्पिकमधले शेवटचे पदक मिळवून बारा वर्षे लोटली होती. मधल्या काळात महायुद्ध आणि दीड वर्षाची कैद होऊन गेली होती. स्पर्धेच्या आदल्या रात्री हवामान बिघडल्याचे पाहून त्यांनी एका कमी अनुभवी खेळाडूऐवजी स्वतःच उतरायचे ठरवले आणि रौप्यपदक पटकावले.

या वयात, एवढ्या खंडानंतर हे कसे जमले? त्यासाठी हा खेळ शरीराकडून काय मागतो ते पाहावे लागेल.

पायाला लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून खेळाडू बर्फाच्या तीव्र उतारावरून घसरत येतो. हातात काठ्या नसतात. आजच्या मोठ्या उतारांवर वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास जातो. उताराच्या कडेला पोहोचताच गुडघे व कंबर सरळ करून झेप घ्यायची. त्यासाठी सेकंदाचा जेमतेम काही भाग मिळतो. झेप क्षणभर लवकर किंवा उशिरा झाली की अंतर घटते. हवेत शरीर पुढे झुकवून स्वतःचाच पंख करायचा आणि शेवटी एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकवून उतरायचे. गुण अंतराला मिळतात, तसेच शैलीलाही.

एवढ्या उंचीवरून येऊन हाडे मोडत कशी नाहीत? कारण उतरण्याची जागा सपाट नसते. खेळाडू ज्या कोनात खाली येतो, जवळपास त्याच कोनात जमीनही खाली गेलेली असते. त्यामुळे वेग प्रचंड असला तरी जमिनीवर सरळ आदळणारा भाग थोडा असतो. उरलेला धक्का वाकलेले गुडघे आणि मांडीचे स्नायू अधिक वेळात पसरवून सोसतात. उडी फार लांब जाऊन खेळाडू उताराच्या सपाट तळाशी पोहोचला, तर मात्र गुडघ्यांची धडगत नसते.

रूड यांचा जन्म २३ ऑगस्ट १९११ रोजी नॉर्वेतील कॉंग्सबर्गचा. चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले हे छोटे गाव. थोरला भाऊ सिगमुंड याने १९२८ साली ऑलिम्पिक रौप्य मिळवले, तर धाकटा आस्ब्योर्न १९३८ साली जगज्जेता झाला. कंबरेत वाकून, हात पुढे ताणून, दोन्ही स्की समांतर ठेवायची हवेतली पद्धत सिगमुंड आणि याकोब टुलिन थाम्स यांनी विकसित केली. ती गावाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

बिर्गर बुटके आणि अंगाने हलके. १९३१, १९३५ आणि १९३७ साली ते जगज्जेते झाले. १९३२ साली लेक प्लॅसिडला आणि १९३६ साली गार्मिश-पार्टेनकिर्शेनला त्यांनी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. १९३४ साली प्लानित्सा येथे ९२ मीटरची उडी मारून विश्वविक्रम केला. १९३६ मध्ये तर ते उतारावरच्या शर्यतीतही सर्वांत वेगवान ठरले होते. मात्र तेव्हा पदक या शर्यतीचे आणि स्लॅलमचे मिळून दिले जाई. स्लॅलममध्ये त्यांचे एक फाटक चुकले आणि ते चौथे आले.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला. क्रीडासंस्था नाझींच्या ताब्यात जाताच नॉर्वेच्या खेळाडूंनी अधिकृत स्पर्धांवर बहिष्कार घातला. देशातल्या सर्वांत लाडक्या खेळाडूंपैकी एक असलेल्या रूड यांनी उडी मारली असती, तर राज्यकर्त्यांना आयती जाहिरात मिळाली असती. त्यांनी मारली नाही. १९४३ साली त्यांना अटक होऊन ग्रिनीच्या छावणीत डांबण्यात आले. १९४४ मध्ये सुटल्यावर ते प्रतिकार चळवळीत सामील झाले आणि ब्रिटिश विमानांनी टाकलेला दारूगोळा शोधून लपवण्याचे काम करू लागले.

युद्धामुळे १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिम्पिक झालीच नाहीत. म्हणजे २८ ते ३३ हे वय, झेपेची ताकद आणि अनुभव दोन्ही भरात असण्याचा काळ, निघून गेला. पण देशातल्या स्पर्धांपासून दूर राहणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता.

तरीही १९४८ साली शरीराने साथ दिली. झटक्यात जोर लावणारे स्नायूतंतू तिशीनंतर हळूहळू मंदावू लागतात. पण झेप नेमकी कधी घ्यायची, वारा आला तर अंग किती झुकवायचे, ही शिकवण लहान मेंदूसह मज्जासंस्थेच्या अनेक भागांत कोरलेली असते. हजारो वेळा केलेली हालचाल वर्षानुवर्षे टिकते, जशी सायकल. हवा खराब असताना हाच अनुभव तरुण स्नायूंपेक्षा मोलाचा ठरतो. त्या दिवशी पहिला आलेला पेटर हुगस्टेडही कॉंग्सबर्गचाच होता.

यातून सोयीचा अर्थ मात्र काढू नये. चाळिशीत पुन्हा बॅडमिंटनची रॅकेट हाती घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. मेंदूला जुना फटका आठवतो, पण स्नायूंची ताकद आणि अस्थिबंधांची सवय गेलेली असते. मग पोटरी धरते, टाचेमागची शीर तुटते. कौशल्य परत बोलावता येते, ताकद पुन्हा कमवावी लागते. त्यासाठी काही आठवडे हळूहळू सराव वाढवणे, हाच उपाय. रूड मैदानात उतरले ते बारा वर्षे घरी बसून नव्हे, तर युद्ध संपल्यावर पुन्हा सराव करून.

पुढे त्यांनी कॉंग्सबर्गमध्ये स्कीचे संग्रहालय उभारण्यास हातभार लावला. गावाने त्यांचा पुतळा उभारला. १३ जून १९९८ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्याच गावी त्यांचे निधन झाले. नावावर दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके होती आणि चांदीच्या गावाला शोभेल असे एक रौप्य.