व्याख्यानमालेचे जनक : न्यायमूर्ती रानडे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा मी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव सुचविले. त्याला एक कारण घडले. हळदीकुंकवाच्या दिवशी अर्धा तास कोणा जाणत्या माणसाचे व्याख्यान ठेवावे, अशी सूचना मंडळात आली होती. त्यावर काही भगिनींनी विचारले, की व्याख्याने शहरातल्या शिकलेल्या लोकांसाठी. दिवसभर बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईला त्यांचे काय? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना रानडे यांचे चरित्र डोळ्यांपुढे आले.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यात निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरास गेले. लहानपणी हा मुलगा इतका अबोल होता, की तो मंद आहे की काय अशी घरच्यांस काळजी वाटे. तो अडीच वर्षांचा असताना रात्रीच्या प्रवासात बैलगाडीतून खाली पडला आणि गाडी पुढे निघून गेली. मागून घोड्यावर काका येत होते. त्यांच्या घोड्याची चाहूल लागताच त्याने काकांना हाक मारून आपण पडल्याचे सांगितले. एरवी न बोलणारे मूल नेमक्या वेळी बोलले! पुढे याच अबोल मुलाने साऱ्या महाराष्ट्राला सभेत बसून ऐकण्याची आणि उभे राहून बोलण्याची सवय लावली.

मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले. १८६२ साली बी. ए. व १८६६ साली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. वाचनाचे वेड असे, की डोळे अधू झाले. विद्यार्थी असताना एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची थोरवी इंग्रजी अमलापेक्षा अधिक मांडली. त्यापायी त्यांची शिष्यवृत्ती काही महिने बंद झाली. आपले म्हणणे मांडण्याची किंमत त्यांना अशी लवकर कळली.

१८७१ साली न्यायखात्यात नेमणूक होऊन ते पुण्यास आले. तेथे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांची सार्वजनिक सभा नुकतीच सुरू झाली होती. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही १८७१ मध्ये स्त्री विचारवती सभा काढली होती. आपल्यासारख्या मंडळांची ती एक थोरली बहीणच म्हणावयाची. १८७२-७३ मध्ये माधवरावांनी देशाच्या व्यापारावर मराठीतून व्याख्याने दिली. आपला कच्चा माल बाहेर जातो, पक्का माल होऊन परत येतो आणि मधल्या मध्ये आपला कारागीर बुडतो, हा रुक्ष वाटणारा विषय त्यांनी सामान्य श्रोत्यांपुढे मांडला. त्याचा परिणाम काकांवर असा झाला, की त्यांनी स्वदेशी कापडाचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेषात गेले. एका व्याख्यानाने काय होते, याचे हे उत्तर आहे.

१८७५ साली माधवरावांच्या पुढाकाराने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्यात रोज एक वक्ता आणि रोज नवा विषय, अशी ही रीत. इतिहास, अर्थकारण, शास्त्र, साहित्य, समाजसुधारणा, कोणताही विषय वर्ज्य नाही. कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसालाही ज्ञानाची भूक असते, आणि ती भागविणे हे समाजाचे काम आहे, हा त्यामागचा विचार. आज दीडशे वर्षे होऊन गेली तरी ही माला चालू आहे.

त्याच वर्षी स्वामी दयानंद सरस्वती यांची पुण्यात व्याख्याने झाली. त्यामागेही माधवराव होते. अखेरीस स्वामींची मिरवणूक निघाली, तीत जोतीराव फुलेही सामील झाले. विरोधकांनी मिरवणुकीवर चिखल फेकला. तो माधवरावांच्या अंगावरही उडाला, पण ते रागावले नाहीत. सरकारही त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली आणि १८७९ मध्ये धुळ्याला. पुढे १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

आता त्यांच्या घराकडे वळू. येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनी पहिली पत्नी वारल्यावर १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. लोकांनी दोष दिला, तो खोटा नव्हता. सभेत सांगितलेले घरात आचरणे किती कठीण असते, हे थोरांच्या चरित्रातही दिसते.

परंतु त्या मुलीला, रमाबाईंना, अक्षरओळख नव्हती. माधवरावांनी तिला शिकविण्यास प्रारंभ केला. घरातील वडील बायकांस हे रुचले नाही. टोमणे, अबोला, सारे त्यांनी सोसले. नाशिकला असताना रमाबाई प्रथमच समारंभात बोलल्या. ते भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. पुढे पुण्यास मुलींचे हायस्कूल व्हावे म्हणून त्यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचले. सभेत मान मिळाला. घरी आल्यावर बोलणी खावी लागली. ते हायस्कूल १८८४ साली निघाले. हुजूरपागेची शाळा ती हीच.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव निवर्तले. रमाबाईंनी काही काळ एकांतात काढला, मग त्या उभ्या राहिल्या. १९०९ साली पुण्यास सेवासदन सुरू झाले, आणि तेथे हजारो बायका लिहिणे-वाचणे, शिवण आणि रुग्णसेवा शिकल्या. १९१० साली त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. पतीने लिहून दिलेले भाषण वाचणारी मुलगी आता स्वतःचे लिहू लागली होती. माझ्या मते माधवरावांच्या सर्व व्याख्यानांचे मोठे फळ ते हेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या लाखांदूरच्या बाईला ऐकण्याची सवय नाही, असे कोण म्हणेल? मंडईत रात्रभर नाटक पाहणारे, दंडारीला पहाटेपर्यंत बसणारे हे आपले झाडीपट्टीचे लोक! ऐकण्याची गोडी आहे. अडचण वेळेची आहे. पुण्याचा वसंत सुट्टीचा. आपला वसंत मोहफुले वेचण्याचा आणि तेंदूपाने तोडण्याचा. तेव्हा पुण्याची तिथी आपण उसनी घेऊ नये. रोवणी संपून धान कापणीला येईपर्यंत मधे जे दिवस मिळतात, त्यांत संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर तीन-चार व्याख्याने सहज होतील. विषय आपले आपण निवडावे : रक्त कमी का होते, सातबारावर बाईचे नाव कसे लागते, बियाणे कसे राखावे, आणि आकाशातील तारेही.

आणखी एक विनंती. व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी एकीने उभे राहून चार वाक्ये बोलावी. बोलता आले नाही तर कागदावर लिहून आणावी, किंवा मुलीकडून लिहून घ्यावी. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. रमाबाईंचे पहिले भाषणही दुसऱ्याच्याच हाताने लिहिलेले होते.