पडद्याआडून शिकलेली फ्लॉरेन्स

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक वहिनी संध्याकाळी घरी आल्या. चहा झाला तरी उठेनात, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी विचारायचंय. त्यांच्या धाकट्या लेकीला बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घ्यायचंय. पुढे जमिनीखालचं तेल आणि वायू शोधायचं शिक्षण घ्यायचंय म्हणे. घरात सगळ्यांचा विरोध. पोरीच्या जातीनं हातोडा घेऊन डोंगरदऱ्यांत हिंडायचं म्हणजे काय, असं आजीचं म्हणणं. आता मी काय ते सांगावं, अशी वहिनींची अपेक्षा.

मला पटकन तोंड उघडवेना. कारण काही वर्षांपूर्वी याच वहिनी थोरल्या लेकीसाठी अगदी हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. तेव्हा मीच मोठ्या शहाणपणानं सांगितलं होतं की फिरतीचं काही नको, डी.एड. करू दे. पोरीनं मुकाट्यानं ऐकलं. डी.एड. झालं, नोकरी काही लागली नाही, लग्न झालं. ती माहेरी आली की अजून नदीवरून गोटे वेचून आणते, असं वहिनी बोलता बोलता सहज म्हणाल्या. मला ते फार लागलं. महिला मंडळात मुलींच्या शिक्षणावर भाषणं करणारी मी, आणि दारात आलेल्या मुलीची वाट मीच अडवली होती!

त्या रात्री मला फ्लॉरेन्स बॅस्कम आठवल्या. मैत्रिणींनो, मी कला शाखेची. दगडांतलं मला कळतं ते पाट्या-वरवंट्यापुरतं. पण या बाईंचं चरित्र वाचलं तेव्हापासून ते मनातून गेलेलं नाही.

फ्लॉरेन्सचा जन्म १४ जुलै १८६२चा, अमेरिकेतल्या विल्यम्सटाउन या गावचा. वडील जॉन बॅस्कम प्राध्यापक. आई एमा शिकलेली आणि स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणारी. १८७४ मध्ये वडील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि सगळं बिऱ्हाड मॅडिसनला आलं. पुढे फ्लॉरेन्स त्याच विद्यापीठात दाखल झाली. वडील अध्यक्ष असले तरी मुलींसाठी नियम होतेच. ग्रंथालयात मुलींना ठरावीक वेळीच जाता यायचं. वर्ग मुलांनी भरला, तर मुलींनी बाहेर राहायचं. तशातही तिनं १८८२ मध्ये कला आणि साहित्याच्या पदव्या घेतल्या, १८८४ मध्ये विज्ञानाची आणि १८८७ मध्ये भूगर्भशास्त्रातली एम.एस. ही पदवी मिळवली.

म्हणजे बघा, तिची सुरुवातही माझ्यासारखी कला शाखेतूनच! दगडांची गोडी लागली ती वडिलांबरोबरच्या एका प्रवासात. सोबत वडिलांचे स्नेही एडवर्ड ऑर्टन होते. हे ऑर्टन म्हणजे ओहायो राज्यातल्या तेल आणि वायूच्या साठ्यांचा अभ्यास करणारे नामवंत भूगर्भशास्त्रज्ञ. आपण ज्या जमिनीवरून जातोय तिलाही इतिहास असतो आणि तो वाचता येतो, हे तिला त्या वाटेवर उमगलं.

पुढे डॉक्टरेटसाठी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं दार ठोठावलं आणि खरी कसोटी लागली. तिथे बायकांना पदवी देतच नसत. ख्रिस्तीन लॅड या विदुषीनं १८८२ मध्येच तिथला पीएच.डी.चा सगळा अभ्यास पुरा केला होता, पण पदवी मिळाली ती १९२६ मध्ये, तब्बल ४४ वर्षांनी! फ्लॉरेन्सला वर्गात बसायची परवानगी मिळाली खरी, पण एक अट होती. वर्गाच्या कोपऱ्यात पडदा उभा करायचा आणि तिनं त्यामागे बसायचं. का, तर मुलांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून!

पडदा आपल्यालाही नवा नाही. पण तो अमेरिकेतल्या विद्यापीठात, विज्ञानाच्या वर्गात होता हे वाचून मी थक्क झाले. फ्लॉरेन्सनं त्यावरून अभ्यास सोडला नाही. पडद्याआडून ऐकलं, टिपणं काढली आणि १८९३ मध्ये त्या विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री ठरली. त्या विद्यापीठाचे पदव्युत्तर वर्ग स्त्रियांना रीतसर खुले झाले ते त्यानंतर चौदा वर्षांनी, १९०७ मध्ये.

तिच्या प्रबंधाचा विषय होता साउथ माउंटन या डोंगरातले खडक. ते पाण्यात गाळ साचून झालेत, असा आधीचा समज होता. फ्लॉरेन्सनं खडकाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. असा काप साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात, म्हणजे त्यातून उजेड आरपार जातो. तेव्हा दिसलं की तो गाळ नव्हेच. तो ज्वालामुखीचा लाव्हा आहे, कोट्यवधी वर्षांत रूप पालटलेला. आपला सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हाच. आपण ज्यावर चटणी वाटतो तो पाटा एके काळी वितळलेला, वाहता रस होता. मला तर हे कळल्यापासून पाट्याकडे पूर्वीसारखं बघताच येत नाही!

१८९५ मध्ये फ्लॉरेन्सबाई ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात शिकवायला आल्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये ज्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या शहराजवळच हे कॉलेज. तिथे भूगर्भशास्त्राला ना खोली, ना सामान. मिळाली ती सामान ठेवायची जागा. बाईंनी तिथेच खडक, खनिजं, जीवाश्म जमवले आणि हळूहळू नावाजलेला विभाग उभा केला.

१८९९ मध्ये मात्र संकट आलं. हा विषय दुय्यम करून टाकायचं कॉलेजच्या अध्यक्षांच्या मनात होतं. आणि या अध्यक्षा म्हणजे कोणी पुरुष नव्हे, तर स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या कॅरी थॉमस! हे वाचताना मी जरा ओशाळले. बाईची वाट कधीकधी बाईच अडवते, तीही भल्याच्याच हेतूनं. फ्लॉरेन्सबाईंनी राजीनाम्याची तयारी दाखवली, विश्वस्तांनी ऐकलं आणि विषय वाचला.

१८९६ पासून त्या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्यातही होत्या. त्या खात्यानं नेमलेल्या पहिल्या महिला भूगर्भशास्त्रज्ञ त्याच. उन्हाळ्यात घोड्यावरून, पायी डोंगर हिंडायचं, खडक फोडायचे, नकाशे करायचे. हिवाळ्यात सूक्ष्मदर्शक आणि विद्यार्थिनी. शिस्तीला कडक, पण मुलींना वर्गात कोंडून न ठेवता प्रत्यक्ष डोंगरावर नेणाऱ्या. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा एक कोश निघाला. त्याच्या नावातच शास्त्रज्ञ 'पुरुष' होते. त्यात देशातल्या पहिल्या शंभर भूगर्भशास्त्रज्ञांत फ्लॉरेन्सबाईंची गणना झाली!

आता तेलाशी याचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. माझीही समजूत होती की जमिनीखाली तेलाचं तळं असतं. तसं नसतं. स्पंजात पाणी मुरावं तसं तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असतं, आणि वर घट्ट खडकाचं झाकण असेल तरच टिकतं. म्हणून तेलाच्या अभ्यासक्रमात यंत्रांबरोबर खडक, थर, जीवाश्म, नकाशे हे सगळं शिकावं लागतं. ब्रिन मॉरच्या एक विद्यार्थिनी ज्युलिया गार्डनर पुढे याच सर्वेक्षण खात्यात गेल्या. १९२० पासून त्यांनी टेक्ससमधल्या थरांचा आणि त्यांतल्या शंख-शिंपल्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास केला. कुठला थर कुठल्या काळातला हे त्यातून कळायचं, आणि तेल शोधणाऱ्यांना तेच हवं असायचं. दुसऱ्या महायुद्धात जपाननं फुग्यांना बांधून बॉम्ब सोडले, तेव्हा त्या फुग्यांच्या वजनासाठी भरलेल्या वाळूतले शिंपले तपासून ती वाळू जपानच्या कुठल्या किनाऱ्याची हे शोधणाऱ्यांतही ज्युलियाबाई होत्या.

फ्लॉरेन्सबाई १९२८ मध्ये कॉलेजातून निवृत्त झाल्या, पण सर्वेक्षणाचं काम १९३६ पर्यंत केलं. १८ जून १९४५ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. लग्न केलं नाही, पण मागे विद्यार्थिनींची अख्खी पिढी ठेवून गेल्या.

आपल्याकडेही पडदा होताच. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखालच्या खाणीत कामाला मनाई होती. २०१९ मध्ये सरकारनं नियम सैल केले आणि तांत्रिक, देखरेखीच्या कामांसाठी दिवसपाळीत बायकांना खाली उतरायची वाट मोकळी झाली. कायद्याचा पडदा सरला. घरातला सारायचा तो आपणच.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेले. आजींजवळ बसून त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. आजी पडद्याचं ऐकून हसल्या, मग गप्प झाल्या. होय म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. फिरतीच्या सहलींत किती मुली असतात, राहायची सोय काय, हे कॉलेजात जाऊन विचारून यायचं ठरलंय. मीही बरोबर जाणार आहे.

आणि एक काम अजून बाकी आहे. थोरलीला फोन करायचाय. माझं चुकलं, हे तिला सांगायचंय. पुढच्या वेळी ती आली की नदीवरून आणलेले गोटे मला दाखव, असंही म्हणणार आहे. ते नुसते गोटे नाहीत, हे मला आता थोडंफार कळायला लागलंय.